कुलूप कोणी उघडायचे? जॅमर, छंद आणि आमची पोरे



मागच्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका पोराला सोडवून आणण्यासाठी आम्ही पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. त्याने केले काय होते? त्याच्या स्वतःच्या स्कूटरला दुसऱ्याने लावलेला जॅमर काढला होता.

पोरगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारी अभ्यासिकेत आणि संध्याकाळी पार्सल पोहोचवायच्या कामावर. एका मोठ्या सोसायटीत सातव्या मजल्यावर पार्सल द्यायला गेला. आत गाडी न्यायला परवानगी नाही, म्हणून फाटकाजवळ भिंतीला लावून गेला. दहा मिनिटांनी खाली आला तर पुढच्या चाकाला पिवळा जॅमर. वॉचमन म्हणाला, "पाचशे रुपये द्या, मग चावी मिळेल." पावती मागितली तर पावती नाही. सेक्रेटरीला फोन लावला तर तो म्हणाला, बोर्ड वाचता येत नाही का? पोराची त्या दिवसाची कमाई तोवर तीनशे चाळीस रुपये झाली होती.

पोराला एक छंद आहे. दीड वर्षापासून तो मोबाइलवर व्हिडिओ बघून कुलपे उघडायला शिकतोय. जुन्या बाजारातून भंगारातली कुलपे आणतो आणि सायकलच्या स्पोकपासून, वायपरच्या पात्याच्या पट्टीपासून घासून हत्यारे बनवतो. ती हत्यारे त्याच्या बॅगेत होती. त्याने खाली बसून मिनिटभरात जॅमरचे कुलूप उघडले, एक ओरखडाही न काढता जॅमर उचलून वॉचमनच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काका, हे तुमचं." तिथेच थांबले असते तर बरे झाले असते. पण कोणीतरी व्हिडिओ काढला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि अर्ध्या तासात पोराला पुढच्या चौकात अडवले. ठाण्यात सोसायटीचे जे दोघे आले होते, त्यांतला एक आमच्या देखत म्हणाला, "यांच्या हातात हीच कला असणार."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. पण त्याहून जास्त टोचते ते आमचेच वाक्य. ठाण्याबाहेर आल्यावर आम्ही पोराला म्हणालो, "आपल्या पोरांनी असले उद्योग करायचे नसतात." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने कुलपे अभ्यासिकेत आणणे बंद केले. हा लेख आम्ही त्या आमच्याच वाक्याचा प्रतिवाद म्हणून लिहीत आहोत.

जॅमर म्हणजे नव्या जमान्याचा खोडा

जुन्या काळी गावात गुन्हेगाराचे, किंवा पाटलाला जो गुन्हेगार वाटेल त्याचे, पाय लाकडी ओंडक्याच्या भोकात अडकवून त्याला बसवून ठेवत. त्याला खोडा म्हणत. "कामात खोडा घातला" असे आपण आजही म्हणतो ते तिथूनच. जॅमर हा चाकाचा खोडा आहे.

त्याचा जन्म अमेरिकेतला. डेन्व्हर शहरातल्या फ्रँक मॅरग या साचे बनवणाऱ्या कारागिराने तो 1944 च्या सुमारास तयार केला. हा माणूस शहराच्या वाद्यवृंदात व्हायोलिनही वाजवायचा. 1955 मध्ये डेन्व्हर पोलिसांनी दंड न भरणाऱ्यांच्या गाड्यांना तो लावायला सुरुवात केली, 1958 मध्ये मॅरगला पेटंट मिळाले, आणि आजही अमेरिकेत त्याला 'डेन्व्हर बूट' म्हणतात. 1983 मध्ये तो लंडनच्या रस्त्यावर आला. लक्षात घ्या, सुरुवातीला हे हत्यार पोलिसांच्या हातात होते, आणि दंड ठरलेला, लिहिलेला, पावतीचा होता. पुढे ते स्वस्त झाले आणि ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा आहे त्याच्या हातात गेले.

आपल्याकडेही तेच घडले. मोटार वाहन कायद्याचे कलम 127 वाचा. धोक्याच्या किंवा मनाईच्या जागी सोडलेले वाहन ओढून नेण्याचा किंवा चाकाला जॅमर लावून जखडण्याचा अधिकार त्या कलमाने दिला आहे तो हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला. सोसायटीच्या सेक्रेटरीचा त्यात उल्लेख नाही. वॉचमनचाही नाही. तरीही आज शहरातल्या कित्येक फाटकांवर "बाहेरच्या गाड्यांना जॅमर लावण्यात येईल" असा बोर्ड आहे. बाहेरचे म्हणजे कोण? फ्लॅटमालकाच्या पाहुण्याची मोटार असली तर वॉचमन आधी इंटरकॉमवर विचारतो. पार्सलवाल्याची स्कूटर, घरकाम करणाऱ्या बाईला सोडायला आलेल्या नवऱ्याची मोटारसायकल, प्लंबरची लुना यांना विचारणे नाही. त्यांना थेट खोडा.

वॉचमनबद्दल आमच्या मनात राग नाही, हेही सांगितले पाहिजे. तोही आपल्याच कुठल्यातरी वस्तीतला आहे, बारा तास उभा राहतो, आणि जॅमर नाही लावला तर त्याचा पगार कापला जातो. दोन गरीब माणसांना एका लोखंडी तुकड्याच्या दोन बाजूंना उभे करून मालक सातव्या मजल्यावर निवांत बसतो. ही रचना आपल्याला नवी नाही.

कुलपाचे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

आता छंदाकडे येऊ. रोजच्या वापरातल्या बहुतेक कुलपांच्या आत एक फिरणारा गाभा असतो आणि त्याला अडवून धरणाऱ्या पाच-सहा पिना, वर स्प्रिंगा. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची. बरोबर किल्ली आत गेली की सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो. अमेरिकेच्या लिनस येल (धाकटा) याने 1860 च्या दशकात या रचनेला आजचे चपट्या किल्लीचे रूप दिले. मूळ कल्पना प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांइतकी जुनी. पण कोणतेही यंत्र सगळी भोके तंतोतंत एका ओळीत पाडू शकत नाही. म्हणून गाभ्यावर हलका ताण दिला की एक पिन आधी अडकते, मग दुसरी. ज्याच्या बोटांना ते जाणवते, त्याला कुलूप किल्लीशिवाय उघडता येते. स्वस्त जॅमरमध्ये तर कुलूपच सगळ्यांत हलके बसवलेले असते. त्याचा पिवळा रंग आणि माणसाच्या मनातली भीती हीच त्याची खरी ताकद.

जगात हा रीतसर छंद आहे. जर्मनीत 1997 मध्ये हॅम्बुर्गला कुलूपप्रेमींची संघटना झाली, नेदरलँड्स आणि अमेरिकेत झाल्या, स्पर्धा भरतात. इंजिनिअर, वकील, शिक्षक त्यात आहेत. त्यांचे दोन नियम सगळीकडे सारखे: जे कुलूप तुझे नाही ते मालकाच्या परवानगीशिवाय उघडू नकोस, आणि जे कुलूप वापरात आहे त्यावर सराव करू नकोस. पंचशील घेतलेल्या माणसाला पहिला नियम वेगळा शिकवावा लागत नाही. जे दिलेले नाही ते घेणार नाही, हे दुसरे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो.

तरीही या छंदाचे नाव काढले की एक आक्षेप येतो: "हे ज्ञान चुकीच्या हातात गेले तर?" या वाक्याचा इतिहास बघण्यासारखा आहे. 1851 मध्ये लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपविक्या आला. इंग्रज म्हणायचे की आमची चब कंपनीची आणि ब्रॅमा कंपनीची कुलपे कोणाच्या बापाला उघडणार नाहीत. ब्रॅमाने तर दुकानाच्या काचेत कुलूप टांगून 200 गिनींचे आव्हान दिले होते, आणि साठ वर्षे ते कोणी जिंकले नव्हते. हॉब्जने चबचे कुलूप सुमारे 25 मिनिटांत उघडले, तेही साक्षीदारांसमोर. ब्रॅमाच्या कुलपाला त्याला 16 दिवसांत मिळून सुमारे 51 तास लागले, पण तेही उघडले. मग आरडाओरडा झाला की असे उघड दाखवल्याने चोरांना शिकवणी मिळेल. त्यावर 1853 मध्ये कुलपांवर जे पुस्तक निघाले त्यात उत्तर दिले गेले, त्याचा आशय असा: चोरांना आपला धंदा आपल्यापेक्षा चांगला कळतो, गुप्ततेमुळे अंधारात राहतो तो फक्त प्रामाणिक गिऱ्हाईक. आणि झालेही तसेच. लपवाछपवी संपल्यावर कारखानदारांना चांगली कुलपे बनवावी लागली.

हॉब्जने चबचे कुलूप उघडले तो महिना 1851 चा जुलै. त्याच महिन्यात, 3 जुलैला, पुण्याच्या बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात जोतीराव फुले मुलींची शाळा सुरू करत होते. त्यांनाही हेच ऐकावे लागत होते की विद्या चुकीच्या हातात जाते आहे. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण आक्षेप एकच आहे. "चुकीचे हात" कोणते हे ठरवायचा अधिकार ज्यांच्याकडे असतो, त्यांना स्वतःचे हात कधीच चुकीचे दिसत नाहीत.

छंद कोणाचा आणि गुन्हा कोणाचा?

इथे मुद्दा फक्त कुलपाचा राहत नाही. त्या रात्री ठाण्यात हवालदारांनी कलम 122 चे नाव घेतले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चे हे कलम सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यांबद्दल आहे. घरफोडीचे हत्यार कायदेशीर कारणाशिवाय जवळ बाळगणे हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. आणि कारण कायदेशीर होते हे सिद्ध करण्याचा भार सापडलेल्या माणसावर आहे. त्याच कलमात चोर म्हणून ख्याती असलेला माणूस रस्त्यावर घुटमळताना सापडला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तोही गुन्हेगार.

ख्याती! ही ख्याती कोण ठरवते? 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, म्हणून आपण विमुक्त दिन पाळतो. पण 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच. पारधी समाजाच्या पोराने गावाच्या वेशीवर नुसते उभे राहिले तरी लोक फोन लावतात. किल्ल्या बनवणाऱ्या शिकलगार कारागिरांना विचारा. दिवसा ज्याला हाक मारून दाराचे कुलूप उघडून घेतात, त्याच्याच पालावर रात्री चोरी झाली की पहिली धाड पडते. 3 ऑक्टोबर 2024 ला सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतले जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर 77 वर्षे तुरुंगात झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हे जातीवरून लिहिलेले होते. कोणाच्या हातात कोणते हत्यार शोभते, याची एक न लिहिलेली नियमावली तुरुंगाबाहेरही आहे.

आता कल्पना करा, हेच हत्यार एखाद्या नामवंत तंत्रशिक्षण संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलाच्या बॅगेत सापडले असते. त्याला "हॅकर" म्हटले असते, कौतुकाने. वृत्तपत्रात चौकट आली असती. आमच्या पोराच्या बॅगेत सापडले तर ते घरफोडीचे हत्यार झाले. लोखंड तेच, बोटांचे कसबही तेच.

म्हणूनच आम्ही त्या रात्री जे बोललो ते चुकीचे होते. "आपल्या पोरांनी असले करू नये" हे आम्ही सावधगिरी म्हणून बोललो, पण त्यात आम्ही सोसायटीवाल्याचे म्हणणे मान्य करून टाकले. तो म्हणाला, तुमच्या हातात ही कला म्हणजे चोरी. आम्ही म्हणालो, बरोबर, म्हणून ती कला टाकून दे. आपल्या बापजाद्यांच्या किती कला अशा लाजेने सुटल्या, याचा हिशेब कोणी ठेवलाय?

मग जॅमर फोडायचे का?

वस्तीतल्या तरुणांचे दुसरे टोक आहे. त्यांनी पोराचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला, खाली लिहिले "जय भीम, कुलूप तोड". त्यांचे म्हणणे: जॅमरच बेकायदेशीर, मग काढण्यात गुन्हा कसला? सगळ्यांना शिकवा, शहरातले सगळे जॅमर एका रात्रीत काढू. या म्हणण्यातला संताप आम्हाला मान्य आहे, मार्ग मान्य नाही. त्याला कारण आहे.

लंडनमध्ये 2003 साली एक माणूस तोंडाला मुखवटा आणि अंगाला घट्ट रंगीत पोशाख चढवून, हातात ग्राइंडर घेऊन लोकांच्या गाड्यांचे जॅमर कापत फिरायचा. स्वतःला 'अँगल ग्राइंडर मॅन' म्हणायचा. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. पण त्याने जॅमर संपले नाहीत. संपले ते वेगळ्या रस्त्याने. स्कॉटलंडच्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने 1992 मध्ये निकाल दिला की खासगी जागेत गाडी जखडून सोडण्यासाठी पैसे मागणे ही खंडणी आहे आणि चोरीही आहे. शब्द नीट ऐका: चोर कोण ठरला? जॅमर लावणारा. पुढे ब्रिटिश संसदेने 2012 मध्ये कायदा केला आणि त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत कायदेशीर अधिकाराशिवाय जॅमर लावणे हाच गुन्हा झाला. ग्राइंडरने एका वेळी एक गाडी सुटली. निकालाने आणि कायद्याने सगळ्या गाड्या सुटल्या.

आपल्याला हे परदेशातून शिकायचीही गरज नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी दिवसाढवळ्या, हजारोंच्या साक्षीने प्यायले. रात्री लपून पाणी भरणे सोपे होते, पण त्याने हक्क सिद्ध झाला नसता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडला जमले, पण विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणलेला होता. लोक तळ्यावर जायला तयार होते. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि खटला लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 ला. दहा वर्षे! त्या दहा वर्षांत कोणी त्यांना भित्रा म्हटले असेल, तर आज त्याचे नावही कोणाला आठवत नाही.

काही जण विचारतील, अत्याचाराच्या घटना घडताहेत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि तुम्ही जॅमरवर लेख काय लिहिता? कारण आपल्या पोरांच्या हातात आज पार्सलची पिशवी आहे. त्यांचा रोजचा अपमान संसदेत होत नाही, फाटकावर होतो. पाचशे रुपये ही सेक्रेटरीसाठी किरकोळ रक्कम आहे, पोरासाठी तो दीड दिवस आहे. आणि तो दीड दिवस वाचवायला गेला म्हणून त्याच्या नावापुढे ठाण्याच्या वहीत नोंद होणार असेल, तर हा प्रश्न चळवळीचा आहे.

आम्ही काय करणार आहोत

तरुण मित्रांनो, फाटकावर जॅमर लागला तर हात लावू नका. जॅमरचा, बोर्डाचा, वेळेचा फोटो घ्या. कोणत्या अधिकाराने लावला हे लेखी मागा. पैसे द्यावेच लागले तर पावतीशिवाय देऊ नका, पावती नाकारली तर तसे रेकॉर्ड करा. 112 ला फोन करा, म्हणजे तक्रारदार तुम्ही असाल, आरोपी नाही. मग ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. भारतीय न्याय संहितेचे कलम 308 खंडणीचे आहे. पावतीशिवाय गाडी अडवून पैसे मागणे त्यात बसते का, हा प्रश्न स्कॉटलंडमध्ये विचारला गेला, आपल्याकडे आपण विचारू. वाहतूक शाखेकडे माहिती अधिकारात अर्ज करा: आपल्या हद्दीत कोणत्या सोसायट्यांना जॅमर लावण्याची परवानगी दिली, प्रत द्या. असा एक अर्ज आम्ही टाकला आहे. प्रत्येक वस्तीतून एक गेला पाहिजे.

आणि छंद? तो चालू राहील, पण अंधारात नाही. आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी, विहारातल्या वंदनेनंतर, कुलपांचा वर्ग सुरू करतोय. शिकवायला चौकातले किल्लीवाले काका येणार आहेत, मानधन देऊन. फुकट नाही, कारण कारागिराचे कसब फुकट घेणे हीसुद्धा जुनीच सवय आहे. कुलपे भंगारातली, विकत घेतलेली, बिलासकट. येणाऱ्याचे नाव वहीत. हत्यारे अभ्यासिकेच्या कपाटात राहतील, कोणाच्या बॅगेत नाहीत. सूर्यास्तानंतर तर नाहीतच. भिंतीवर दोन नियम लावू: आपले नसलेले कुलूप उघडायचे नाही, वापरातले कुलूप उघडायचे नाही. ठाण्यातल्या साहेबांना उद्घाटनाला बोलावणार आहोत. येतील न येतील, निमंत्रणाची पोच आमच्याकडे राहील.

पोराचे प्रकरण तूर्तास समज देऊन मिटले आहे. त्याचे दोन दिवसांचे काम बुडाले. त्याने घासून बनवलेली हत्यारे अजून ठाण्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत. ती परत मिळावीत म्हणून अर्ज दिला आहे, कारण ती त्याची मालमत्ता आहे. परवा आम्ही त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, "त्या रात्री आमचं चुकलं." तो म्हणाला, "सर, तुम्ही माझ्यासाठी साडेअकरापर्यंत बसला होता." आम्ही म्हणालो, बसणे वेगळे, बोलणे वेगळे. रविवारी येशील का? त्याने अजून हो म्हटलेले नाही.

राजकीय सत्ता ही गुरुकिल्ली आहे, असे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले. ती मिळेपर्यंत फाटकाफाटकावरच्या लहान कुलपांचे काय करायचे, ते आपल्याला ठरवायचे आहे. तुमच्या वस्तीत असे जॅमर लागत असतील तर फोटो आणि तारीख आमच्याकडे पाठवा. यादी झाली की एकत्र निवेदन देऊ.

जयभीम!